पातूरची पागा आणि चाळीसगावचा टांगा

अकोल्याहून वाशीमकडे निघालेली एस. टी. बत्तीस किलोमीटर गेली की पातूर लागते. तोवरचा रस्ता सपाट. दोन्ही हातांना काळी जमीन, कपाशी, तूर, सोयाबीन. पातूर आले की मात्र समोर डोंगर उभा राहतो. हा अजिंठ्याच्या रांगेचा पायथा. गावाजवळच डोंगराच्या खडकात खोदलेली लेणी आहेत, ती पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. शेख बाबूंचा दर्गा आहे. त्यावरूनच जुन्या सरकारी कागदांत या गावाचे नाव 'पातूर शेख बाबू' असे लिहीत. पलीकडे मोर्णा नदीवरचे धरण. गावाबाहेर पडले की घाट सुरू होतो आणि गाडी मेडशी, मालेगाव करीत वाशीमच्या पठारावर चढते.

वऱ्हाडची काळी सपाटी आणि वरचे पठार यांना जोडणारी ही वाट जुनी आहे. बैलगाड्या गेल्या, तांडे गेले आणि घोडेही गेले. पातूरच्या वायव्येला बाळापूर. तिथे 1720 साली निजामाच्या फौजेची मोठी लढाई झाली. उत्तरेला तेल्हाऱ्याकडे आडगाव. तिथे 29 नोव्हेंबर 1803 रोजी भोसले-शिंद्यांच्या आणि इंग्रजांच्या फौजा भिडल्या व सुमारे पंधरवड्यात गाविलगड पडला. त्या काळी घोडा म्हणजे सत्ता. ज्याच्या पागेत घोडे जास्त, त्याचा मुलूख मोठा.

आज पातूरच्या पंचक्रोशीत घोडा दिसतो तो लग्नसराईत. एरवी चार-दोन घरांच्या परड्यात तो बांधलेला असतो. अकोल्याच्या स्टेशनावरचे टांगे केव्हाच गेले, त्यांची जागा ऑटोंनी घेतली. मग वाचक बंधू-भगिनी म्हणतील, कुटुंबाच्या पानावर हे घोड्याचे पुराण कशाला?

कारण असे की, आमच्या भागातील काही तरुण मुले अलीकडे एक विचार बोलून दाखवतात. पातूरच्या पायथ्याशी एक छोटी पागा उभारावी. मुलामुलींना घोडेस्वारी शिकवावी. वर्षातून एकदा घोड्यांचे खेळ भरवावेत आणि त्यातून उभा राहणारा पैसा गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला व आजाऱ्यांच्या औषधाला द्यावा. मोठ्या शहरांतून, परदेशांतून असे खेळ होतात, मग आपल्याकडे का नको? प्रश्न रास्त आहे. आम्ही पेशाने कारकून. कोणताही बेत ऐकला की जमाखर्चाची वही डोळ्यांपुढे येते. म्हणून चौकशी केली, काही पाहिले, काही वाचले. ते सर्व वाचकांपुढे ठेवीत आहोत.

घोड्यावर कोण, घोड्याजवळ कोण?

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या समाजाला घोडा नवा नाही. घोड्यावर बसणे नवे आहे. गावात अंमलदार मुक्कामाला आला की त्याच्या घोड्याला गवत आणायचे, पाणी दाखवायचे, रात्री राखण करायची, ही महारकीच्या कामांतील कामे होती. वेठ होती ती. याच वतनी गुलामगिरीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणले. घोड्याचा स्वभाव, त्याची भूक, त्याचा आजार आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होता. पण रिकिबीत पाय घालण्याची मुभा त्यांना नव्हती.

ती मुभा आजही सगळीकडे सुखासुखी मिळते असे नाही. 2018 च्या मार्च महिन्यात गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात एकवीस वर्षांच्या दलित तरुणाचा खून झाला. घोडा पाळतो आणि त्यावर बसतो म्हणून त्याला धमक्या येत होत्या, असे त्याच्या वडिलांनी सांगितले. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यातील एका गावात दलित नवरदेवाची वरात पोलीस बंदोबस्तात काढावी लागली. अशा घटना इतक्या झाल्या की अखेर कायद्यालाच घोड्याचे नाव घ्यावे लागले. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 साली जी दुरुस्ती झाली व जी 26 जानेवारी 2016 पासून लागू झाली, तिच्यात वरातीत घोड्यावर बसण्यास किंवा वरात काढण्यास अडवणे हा गुन्हा असल्याचे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने हे कलम ध्यानात ठेवावे.

येथे कोणी म्हणेल, आपला मंगल परिणय साधा असतो, त्यात घोडा हवाच कशाला? खरे आहे. कर्ज काढून वरात काढू नये, हे आम्हीही सांगत आलो आहोत. पण न बसणे आपल्या मर्जीने असावे, कोणाच्या धाकाने नसावे. हक्क वेगळा आणि हौस वेगळी.

आणि ही उच्च-नीचता केवळ आपल्याच देशात होती असे समजू नका. ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज नावाचा घोडेस्वारीचा प्रकार असतो. घोड्याला ठराविक चाली, वळणे, थांबे अचूक करून दाखवावे लागतात. 1948 सालापर्यंत या प्रकारात फक्त लष्करी अधिकारीच उतरू शकत. त्या वर्षी लंडनला स्वीडनच्या संघाला सुवर्णपदक मिळाले. संघात गेनाल पेर्सन नावाचा स्वार होता. तो हुद्द्याने सार्जंट. खेळापुरती त्याला अधिकाऱ्याची बढती दिली होती आणि खेळ संपताच पुन्हा सार्जंट केले. हे उघडकीस आल्यावर 1949 साली त्या संघाचे पदक काढून घेण्यात आले. घोडा तोच, स्वार तोच, कसबही तेच. आड आला तो हुद्दा! पुढे नियम बदलला. 1952 साली हेलसिंकीला साधे सैनिक आणि स्त्रियाही ड्रेसाजमध्ये उतरल्या. पेर्सनच्या संघाने सुवर्णपदक जिंकले आणि 1956 साली पुन्हा जिंकले. आपल्याकडेही 1982 च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत 61 व्या घोडदळाच्या रघुबीरसिंग यांनी सुवर्णपदक मिळवले, तेव्हा कसबाला हुद्दा लागत नाही हेच दिसले.

चाळीसगावावरून जाताना

अकोल्याहून मुंबईला जाणारी गाडी भुसावळ, जळगाव, चाळीसगाव करीत जाते. डिसेंबरात चैत्यभूमीला जाताना आमच्या डब्यात चाळीसगाव आले की कोणी ना कोणी टांग्याची गोष्ट काढतोच. बाबासाहेबांनी ती स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. 1929 चा ऑक्टोबर महिना. धुळ्याहून परत येताना चाळीसगावच्या महार मंडळींनी त्यांना एक रात्र आग्रहाने थांबवून घेतले. स्टेशनावरून वस्तीत न्यायला टांगा पाहिजे. पण एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईना. आपल्या पाहुण्याने पायी जावे हे मंडळींना पटेना. शेवटी तोड निघाली. टांगेवाल्याने टांगा भाड्याने द्यायचा, हाकणारा आपला माणूस. त्या माणसाने पूर्वी कधी टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या फरशीवर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब खाली फेकले गेले, घोडा व टांगा नदीत गेला. बाबासाहेबांचा पाय मोडला व काही दिवस त्यांना अंथरुणाला खिळून राहावे लागले.

ही गोष्ट आपण टांगेवाल्याच्या माजोरीपणासाठी सांगतो, आणि ते बरोबरच आहे. एका टांगेवाल्याला बॅरिस्टरपेक्षा आपली जात मोठी वाटली. पण त्या गोष्टीला दुसरी बाजू आहे. आपल्या मान राखण्याच्या धडपडीत या मंडळींनी आपला जीवच धोक्यात घातला, अशी नोंद बाबासाहेबांनीच केली आहे. लगाम धरण्याची विद्या आपल्याला शिकूच दिली नव्हती, आणि न शिकता लगाम हाती घेतला तर काय होते ते त्या फरशीवर दिसले. पातूरची पागा उभारू पाहणाऱ्या तरुणांनी ही दुसरी बाजू पाठ करून ठेवावी असे आम्हाला वाटते.

महालक्ष्मीचे मैदान

दादरहून चर्चगेटकडे जाणारी लोकल तिसऱ्या स्टेशनाला महालक्ष्मीला येते. धोबीघाट एका अंगाला, रेसकोर्स दुसऱ्या अंगाला. हे मैदान 1883 सालचे. सुमारे 211 एकर जागा. 2024 साली सरकारने असे ठरवले की त्यातील 120 एकर सार्वजनिक बगीच्यासाठी महापालिकेकडे जावी व 91 एकर टर्फ क्लबकडे राहावी. मुंबईसारख्या शहरात जिथे दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपतात, तिथे एवढे मोकळे गवत पाहून छातीत काहीतरी होते.

येथे एक घोटाळा दूर करू. शर्यत आणि घोड्यांचा खेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शर्यतीवर पैसा लागतो आणि त्यात कित्येक कामगारांचे पगार बुडालेले आपण पाहिले आहेत. तिच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. त्याच मैदानात अमॅच्युअर रायडर्स क्लब नावाची संस्था 1942 पासून आहे. तिथे घोडेस्वारी शिकवली जाते आणि हिवाळ्यात खेळ भरतात. त्यात जुगार नसतो, कौशल्याची परीक्षा असते.

सकाळ-संध्याकाळ लोक त्या मैदानावर फिरायला येतात, तसे आम्हीही गेलो. सराव चालू होता. वाळूच्या रिंगणात रंगीत दांड्यांचे अडथळे मांडलेले. दांड्या आकड्यांवर नुसत्या टेकवलेल्या असतात, पक्क्या बांधत नाहीत. घोड्याचा पाय लागला की दांडी पडावी आणि घोडा वाचावा, हा हेतू. दांडी पडली की चार गुण दंड. घोडा अडथळ्यापाशी अडला तरी दंड. स्वार पडला तर बाद. ठरल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर त्याचाही दंड. कमीत कमी दंड ज्याचा, तो पहिला. शाळेतल्या पोरालाही समजेल असा हिशेब आहे. आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. ऑलिंपिकपर्यंत या खेळात स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत उतरतात, मुलींसाठी वेगळी रांग नाही. 2023 साली चीनमधील हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताने ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक जिंकले. घोडेस्वारीचे सुवर्णपदक आपल्याला एक्केचाळीस वर्षांनी मिळाले होते. त्या चौघांत सुदिप्ती हजेला व दिव्यकृती सिंग या दोन मुली होत्या, मुंबईचा हृदय छेडा होता आणि अनुष अगरवाला होता.

पण आमचे लक्ष राहून राहून रिंगणाबाहेर जात होते. तिथे मोतद्दार उभे होते. मोतद्दार म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस. एक जण घामाने भिजलेल्या घोड्याला हळूहळू चालवीत होता. दौडीनंतर घोडा एकदम उभा करायचा नसतो, अंग थंड होईपर्यंत चालवायचा असतो. आम्ही विचारले, दादा, किती वाजता उठता? म्हणाला, चार वाजता. आधी शेण काढायचे, मग पाणी, मग दाणा, मग खरारा. घोड्याच्या डोळ्यांकडे पाहिले की त्याला बरे आहे की नाही ते कळते, असेही म्हणाला. रिंगणात टाळ्या पडत होत्या तेव्हा तो घोड्याच्या खुरातले खडे काढीत होता. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी त्याचे नाव कोणाला ठाऊक असेल?

मदतीचे खेळ कसे चालतात

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात डेव्हन नावाचे गाव आहे. तिथे 1896 साली घोड्यांचे प्रदर्शन सुरू झाले आणि 1919 पासून त्याची कमाई ब्रिन मॉर या रुग्णालयाला जाते. शंभर वर्षे उलटली, प्रथा चालूच आहे. बरेचसे काम गावचे स्वयंसेवक करतात. उत्पन्नाच्या बाजू आपल्या जत्रेसारख्याच असतात. भाग घेणाऱ्याची फी, बघणाऱ्याचे तिकीट, व्यापाऱ्यांचे पैसे आणि खाण्याच्या व वस्तूंच्या दुकानांचे भाडे.

आणि मदत नुसत्या पैशाचीच असते असे नाही. डेन्मार्कची लिस हार्टेल ही बाई 1944 साली पोलिओने आजारी पडली. गुडघ्यांखाली पाय निकामी झाले. घोड्यावर चढायला व उतरायला दुसऱ्याचा आधार लागे. त्याच बाईने 1952 च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले आणि 1956 साली पुन्हा मिळवले. तिच्या उदाहरणाने अपंगांना घोडेस्वारी शिकवण्याच्या चळवळीला देशोदेशी बळ मिळाले. घोडा चालतो तेव्हा स्वाराची कंबर माणसाच्या चालीसारखीच हलते. त्यामुळे ज्याला चालता येत नाही अशा मुलाच्या कमरेला व पाठीला व्यायाम मिळतो. आपल्या वस्त्यांतून पोलिओने पाय गेलेली किती माणसे आज प्रौढ झाली आहेत! कोणी त्यांना कुबडीपलीकडे काही दिले? पागेचा सर्वांत मोठा उपयोग आम्हाला येथे दिसतो. मात्र हे काम डॉक्टरच्या सल्ल्याने, शिकलेल्या माणसाकडून आणि दोन्ही बाजूंनी आधाराला माणसे ठेवूनच करायचे असते.

पातूरचा जमाखर्च

आता वही उघडू. जागेच्या बाबतीत पातूरचे बरे आहे. काळ्या मातीत घोडा पळवता येत नाही. पावसाळ्यात ती चिकटते, उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. पायथ्याला मात्र मुरमाड जमीन आहे, पाणी निचरून जाते. मुरमावर वाळूचा थर दिला की रिंगण तयार. ड्रेसाजच्या छोट्या रिंगणाला वीस मीटर रुंद व चाळीस मीटर लांब जागा पुरते. एका घोड्याच्या ठाणाला बारा फूट बाय बारा फूट जागा पाहिजे. उंच छप्पर आणि वारा खेळता.

दाणा-वैरण हा मोठा खर्च. मध्यम घोड्याला दिवसाला आठ ते दहा किलो सुकी वैरण लागते. आठ किलो धरली तरी सहा घोड्यांना वर्षाला साडेसतरा टन झाली. ज्वारीचा कडबा पूर्वी वऱ्हाडात घरोघरी होता. सोयाबीन आले, ज्वारी कमी झाली आणि कडबा महागला. त्यात भिजवलेला हरभरा, कोंडा, मीठ वेगळे. पाणी एका घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. ज्या गावात मे महिन्यात बायका टँकरची वाट पाहतात, तिथे घोड्यांसाठी अडीचशे लिटर पाणी रोज आणताना चारदा विचार करावा लागेल. आधी पाण्याची स्वतःची सोय, मगच घोडा. जमेच्या बाजूला एक गोष्ट आहे. सहा घोड्यांची लीद रोज क्विंटलभर पडते आणि तिचे खत चांगले होते.

आजारपणाचे म्हणाल तर घोड्याला ओकारी होत नाही. पोटात गडबड झाली तर पोटशूळ उठतो आणि वेळेवर उपचार मिळाला नाही तर रात्रीत जनावर जाते. अकोल्याला पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे, ही पातूरची जमेची बाजू. पण फोन कोणाला करायचा, गाडी कोणाची, हे आधीच ठरलेले हवे. ग्लँडर्स हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो, त्यावर लस नाही व रोगी घोड्याला मारावेच लागते. म्हणून रक्त तपासल्याशिवाय नवा घोडा पागेत घेऊ नये. दीड-दोन महिन्यांनी खूर कापून घ्यावे लागतात, नाल बदलावे लागतात. चांगला नालबंद आज शोधूनच काढावा लागतो. आपल्या एखाद्या तरुणाने ही विद्या घेतली तर त्याच्या पोटापाण्याचे साधन होईल.

घोडे कोठून आणायचे? नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी घोडे येतात, लाखांच्या गोष्टी होतात. शिकणाऱ्या पोरांना असला तापट घोडा कामाचा नाही. आपल्या महाराष्ट्राचा भीमथडी घोडा आहे. मराठ्यांच्या फौजेत तोच होता, आणि आज मुख्यतः धनगर बांधवांनी त्याला सांभाळले आहे. अंगाने लहान, काटक, थोडक्यात भागवणारा, कोरड्या मुलखात टिकणारा. पातूरच्या उन्हाला असाच घोडा पाहिजे.

उन्हाचा नियमही ऐकून ठेवा. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठी 1965 चे केंद्र सरकारचे नियम आहेत. जिथे उन्हाळ्यात पारा 37 अंशांवर जातो तिथे दुपारी बारा ते तीन या वेळात जनावर कामाला लावायचे नाही. काटेरी लगामालाही त्याच नियमांत बंदी आहे. वरातीत डीजेच्या भिंतीसमोर घोडा नाचवतात, तेव्हा त्याच्या तोंडाकडे एकदा पाहावे. पातूरच्याच एका म्हाताऱ्या घोडेवाल्याने आम्हाला सांगितले, "भाऊ, घोडं काई हौसेनं नाचत नाई. तोंडाले टोचते म्हनून पाय उचलते." पन्नास वर्षे घोडा पाळणाऱ्या माणसाचे हे बोल आहेत. मदतीच्या खेळात असला नाच नको. ज्यांच्या पाठीवर वेठ लादली गेली, त्यांनी दुसऱ्या जिवावर ती लादू नये.

कागदपत्रांची बाजू. लोकांपुढे प्राण्यांचे खेळ करायचे तर 2001 च्या नियमांप्रमाणे प्राण्यांची नोंदणी लागते व त्यात घोड्यांचे कार्यक्रमही येतात. मदतीच्या नावाने पैसा गोळा करायचा तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावे लागते व हिशेब द्यावा लागतो. पावतीपुस्तकावर क्रमांक हवेत. तिकिटाचे, फीचे, देणगीचे व दुकानांचे पैसे वेगवेगळ्या खात्यांत लिहावेत. पागेचा रोजचा खर्च आणि खेळाची जमा एकत्र करू नये, नाहीतर विद्यार्थ्यांच्या नावाने आलेला पैसा कडब्यात जातो आणि कोणालाच कळत नाही. खेळानंतर पंधरा दिवसांत सारा हिशेब विहाराच्या फलकावर लावावा. लोकांचा विश्वास हीच खरी देणगी.

पहिली मदत कोणाला?

आता आमच्या मनातील मुख्य गोष्ट. मदतीचा खेळ भरवणारे बहुधा दूरच्या गरिबाकडे पाहतात, आणि जवळच लगाम धरून उभा असलेला गरीब त्यांना दिसत नाही. मोतद्दाराला लाथ बसते, चावा बसतो, धनुर्वाताचा धोका असतो. त्याला किमान वेतन, आठवड्याची सुट्टी, विमा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन हे पागेच्या खर्चातच धरले पाहिजे. ती दया नव्हे, तो त्याचा हक्क. तसेच म्हाताऱ्या घोड्याचे. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो आणि कामाला त्याहून कमी वर्षे येतो. उरलेल्या वर्षांच्या वैरणीची तजवीज खरेदीच्या दिवशीच करावी. 2015 साली उच्च न्यायालयाने मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या बंद करण्याचा निकाल दिला. घोड्यांच्या हालाला आळा बसला हे चांगले झाले, पण त्यावर जगणाऱ्या शेकडो कुटुंबांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. घोड्याचा आणि घोडेवाल्याचा विचार एकत्रच करावा लागतो, तो असा.

सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या पूर्व तोरणावर सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे शिल्प आहे. त्या काळी बुद्धाची मूर्ती कोरीत नसत. म्हणून कंथक घोड्याची पाठ रिकामी दाखवली आहे, वर फक्त छत्र धरलेले. पण घोड्याबरोबर चालणारा छन्न मात्र कोरलेला आहे. स्वार न दाखवताही शिल्पकाराने सोबतच्या सेवकाला वगळले नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला जे सुचले ते आजच्या आयोजकांना सुचावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

म्हणून पातूरच्या तरुणांना आमचे सांगणे असे. बेत सोडू नका, पण घाईही करू नका. पहिल्या वर्षी खेळ भरवू नका. दोघा-तिघांनी एखाद्या चांगल्या पागेत जाऊन सहा महिने काम करावे. आधी खरारा, शेण, खूर, दाणा. मग खोगीर. त्यांत एक मुलगी असावी. एकाने नालबंदी शिकावी. दुसऱ्या वर्षी दोन शांत घोडे घ्यावेत. डोक्यावर हेल्मेट घातल्याशिवाय कोणालाही, अगदी पाहुण्या पुढाऱ्यालाही, घोड्यावर बसू देऊ नये. तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात एका दिवसाचा छोटा खेळ. काठ्यांमधून वळणे, दोन फुटांचे अडथळे आणि उत्तम राखलेल्या घोड्याचे बक्षीस. हे शेवटचे बक्षीस स्वाराला न देता मोतद्दाराला द्यावे आणि त्याचे नाव माईकवरून सर्वांत आधी पुकारावे. पंचक्रोशीतल्या सर्व समाजांच्या मुलांना त्यात बोलवावे, घोडेवाले मुसलमान व धनगर बांधव यांना शिक्षक म्हणून मानाने बसवावे.

चाळीसगावच्या त्या माणसाच्या हाती लगाम अचानक आला. शिकायला त्याला कोणी वेळच दिला नाही. आपल्या मुलांपाशी आज तो वेळ आहे.